मुलांची खोली सजवताय? आधी जमिनीवर बसा

बोईसर स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर एक वन बीएचके घर आहे. नवरा कारखान्यात पाळीवर, बायको घरी शिकवण्या घेते आणि मुलगा पाच वर्षांचा. मुलगा पहिलीत जाणार म्हणून मे महिन्यात त्यांनी बेडरूमचं रूपांतर 'त्याच्या खोली'त केलं. गडद निळा रंग, छतावर चमकणारे तारे, चारही भिंतींवर कार्टूनची स्टिकर, प्लायचा नवा पलंग, त्याला लागून कपाट, जमिनीवर जाड गालिचा आणि पलंगावर डझनभर मऊ खेळणी. बोनसचे पैसे त्यात गेले. फोटो सगळ्या नातेवाइकांना गेले. सगळ्यांनी कौतुक केलं.

जुलैमध्ये मुलाला रात्रीचा खोकला सुरू झाला. दिवसा ठीक, पण अंथरुणावर पडला की ढास लागायची. दोनदा औषधं झाली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी छाती तपासली आणि औषध लिहिण्याआधी विचारलं, "घरात अलीकडे नवीन काय आणलं?" आईवडील एकमेकांकडे बघत राहिले. कारण उत्तर होतं, सगळंच.

हे जोडपं ओळखीचं, म्हणून खोली बघायला मीही गेलो. दारातून पाहिलं तर खोली खरोखर छान दिसत होती. मग मुलाशी खेळायला म्हणून खाली बसलो आणि खोली वेगळीच दिसू लागली. कपाटामागच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओल चढलेली होती. गालिच्याला कुबट वास येत होता. पलंगाखालच्या प्लायच्या कडा उघड्या होत्या. सगळी चित्रं मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर होती, मुलाच्या नजरेसमोर फक्त कपाटाचं दार आणि प्लगपॉइंट. सजावट उभ्या माणसासाठी झाली होती. राहणार होता तो साडेतीन फुटांचा माणूस.

म्हणून मुलांची खोली सजवण्याची सुरुवात एका साध्या, फुकट गोष्टीनं करावी असं मला वाटतं. रंगाचं कार्ड हातात घेण्याआधी त्या खोलीत जमिनीवर दहा मिनिटं बसायचं. मग पाठ टेकून आडवंही व्हायचं. काय दिसतं, काय हाताला लागतं, कसला वास येतो, डोळ्यांवर कुठला उजेड येतो, हे बघायचं. खर्चाची यादी त्यानंतर करायची.

ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातली

मुलाच्या उंचीवरून जग पाहण्याचा विचार मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं तेव्हा ठळकपणे मांडला. मुलाला उचलता येईल अशी खुर्ची, हात पोचेल असं फडताळ, स्वतःचं स्वतः घेता-ठेवता येईल असं साहित्य, ही त्यातली मुख्य सूत्रं. पण ते साहित्य महाग होतं. खेड्यातल्या मुलांपर्यंत ते पोचवायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर आजच्या पालघर जिल्ह्यात शोधलं गेलं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून तिथे अंगणवाडी उभी राहिली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली.

साहित्य म्हणून तिथे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती वापरली गेली. मोजायला शिकायचं तर चिंचोके पुरतात, रंग ओळखायला पानाफुलांचा उपयोग होतो. मुलाला लागणारी वस्तू महाग असावी लागत नाही, ती त्याच्या हाताला सापडावी लागते. आज दुकानातल्या 'किड्स रूम' पॅकेजपुढे उभं राहिल्यावर बोर्डी-कोसबाडचा हा धडा आठवायला हवा.

आपल्याकडे मुलासाठी स्वतंत्र खोली असतेच असं नाही. बोईसर-पालघरमधल्या कितीतरी घरांत मुलाची खोली म्हणजे हॉलमधला एक कोपरा, रात्री घातलेली गादी आणि भिंतीतला एक कोनाडा. पुढे जे लिहितो आहे ते त्या कोपऱ्यालाही तितकंच लागू पडतं.

आधी ओल, मग रंग

आपला जिल्हा किनाऱ्यालगतचा. चार महिने पाऊस आणि त्यात खारी, दमट हवा. खाली बसल्यावर पहिली दिसते ती ओल. बाहेरच्या भिंतीच्या तळाशी फुगलेला रंग, पोपडे, पांढरा क्षार, कोपऱ्यात काळे ठिपके. यावर नवा रंग किंवा वॉलपेपर चढवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. ओल आत राहते आणि कागदामागे बुरशी निवांत वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, घरघर, दमा आणि श्वसनाचे संसर्ग जास्त आढळतात, असा त्यातला निष्कर्ष आहे. मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात आणि शरीराच्या वजनाच्या मानानं जास्त हवा आत ओढतात. शिवाय ती जमिनीजवळ खेळतात. त्यामुळे तीच हवा त्यांना जास्त बाधते.

उपाय क्रमानं करायला हवेत. पाणी कुठून येतं ते आधी शोधा. बाहेरच्या भिंतीला गेलेली चीर, गच्चीची गळती, शेजारच्या बाथरूमचा पाइप, खिडकीच्या चौकटीतली फट यांपैकी काहीतरी असतं. ते पावसाळ्याआधी दुरुस्त करा. भिंत पूर्ण सुकल्यावरच पुट्टी आणि रंग करा. कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा म्हणजे हवा खेळेल. बुरशीचे लहानसे डाग साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा, कोरड्या झाडूनं झटकू नका. झटकल्यानं बुरशीचे बारीक कण खोलीभर उडतात.

जुन्या रंगाखाली काय आहे?

ओलीनंतर प्रश्न येतो जुन्या रंगाचा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दारं-खिडक्या, ग्रिल, जुना पाळणा, वारशानं आलेलं लाकडी टेबल यांच्यावरच्या तेलरंगात शिसं असू शकतं. पिवळा, लाल, हिरवा अशा भडक तेलरंगांत ही शक्यता अधिक, कारण त्या छटांसाठी शिशाची संयुगं सर्रास वापरली जात.

शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत चार ते पाच पट शिसं मुलाचं शरीर शोषून घेऊ शकतं. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढतं. आपल्याकडे मुलांमध्ये रक्तक्षय किती आढळतो हे लक्षात घेतलं, तर हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाची पातळी काळजी करण्याइतकी आहे. अर्थात हे सगळं शिसं रंगातून आलेलं नाही. बॅटऱ्यांचा उघड्यावरचा पुनर्वापर, भेसळीचे मसाले, काही भांडी असे त्याचे अनेक स्रोत आहेत. पण घरातला रंग हा आपल्या हातातला स्रोत आहे.

इथे खरा धोका नव्या रंगापेक्षा जुना रंग घासताना असतो. रंगारी पॉलिश पेपर मारतो, पिवळसर धूळ उडते, ती गादीवर, खेळण्यांवर, जमिनीवर बसते आणि रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. म्हणून जुना तेलरंग खरवडायचा असेल तर तो ओला करून खरवडायला सांगा. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरा. काम चालू असताना मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं दोन-तीनदा पुसून घ्या. जुना रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे सुटत नसतील, तर तो न छेडता त्यावर नवा हात देणं अधिक सुरक्षित. नवा रंग घेताना डब्यावर शिसं न घातल्याचा उल्लेख पाहा. सुट्टा, बिनलेबलचा तेलरंग स्वस्त मिळाला तरी मुलांच्या खोलीत नको.

नव्या वस्तूंचा 'नवा वास'

'नव्याचा वास येतोय' असं आपण कौतुकानं म्हणतो. तो वास रंगातून आणि गोंदातून उडणाऱ्या रसायनांचा असतो. स्वस्त प्लाय आणि पार्टिकल बोर्डमधले थर बहुधा फॉर्मल्डिहाइड असलेल्या गोंदानं चिकटवतात. त्यातून हा वायू महिनोन् महिने थोडा थोडा बाहेर पडत राहतो. उष्ण आणि दमट हवेत तो जास्त सुटतो, म्हणजे नेमका आपल्या हवेत. त्यानं डोळे आणि घसा चुरचुरतो, खोकला येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली. यामुळे घाबरून घरातलं सगळं फर्निचर फेकायची गरज नाही. जमेल तितका संपर्क कमी करणं एवढंच करायचं आहे.

ते सोपं आहे. रंगकाम आणि सुतारकाम मुलाच्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात काढू नका. खोली तयार झाल्यावर किमान दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून, कपाटाची दारं सताड उघडून ती मोकळी राहू द्या आणि त्या काळात मुलाला दुसरीकडे झोपवा. प्लायच्या उघड्या कडा सनमायका किंवा पट्टी लावून बंद करून घ्या. प्लाय घेताना ई-० किंवा ई-१ प्रतीचा मागा, त्यात हा वायू कमी सुटतो. रंग पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा घ्या. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नवीन पलंग न करणं. मामाकडचा जुना लाकडी पलंग, ज्याच्यावर सोलून निघणारा रंग नाही, तो या बाबतीत नव्यापेक्षा चांगला, कारण त्यातून जे उडायचं ते केव्हाच उडून गेलेलं असतं.

गालिच्याबद्दल एकच सांगतो. दमट हवेत जाड गालिचा, पडदे आणि मऊ खेळणी ही धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची घरं होतात. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची विष्ठा हे दमा आणि ॲलर्जीचं एक मोठं कारण आहे. त्याऐवजी सतरंजी किंवा आजीची गोधडी अंथरा. दोन्ही धुता येतात, उन्हात वाळवता येतात. मऊ खेळणी दोन-तीन ठेवा आणि तीही धुण्याजोगी. गादीला ऊन दाखवण्याची आपली जुनी सवय आरोग्याच्या दृष्टीनं अगदी शहाणपणाची आहे, कारण कोरडेपणा या किड्यांना मानवत नाही.

खिडकी केव्हा उघडायची?

वरच्या प्रत्येक मुद्द्यात मी 'खिडकी उघडा' म्हणतो आहे. बोईसर-तारापूरचा वाचक इथे मला थांबवणार हे ठाऊक आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगत राहणाऱ्यांना खिडकी उघडल्यावर काय आत येतं ते सांगावं लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वाधिक, ९३.६९ होता. हवा, पाणी आणि जमीन यांचा तो एकत्रित आकडा आहे.

मग खिडकी कायम बंद ठेवावी का? नाही. बंद खोलीत ओल, गोंदाचा वायू, स्वयंपाकाचा धूर, श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो. खिडकी उघडायची, पण वेळ बघून. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीलगतची हवा थंड, जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसल्यासारखं होतं. धूर आणि वायू वर जाऊ शकत नाहीत, खालीच कोंडतात. पहाटे वास जास्त जाणवतो त्याचं हे एक कारण. ऊन चढलं की हे झाकण सुटतं. म्हणून ऊन वर आल्यापासून दुपारपर्यंतचा काळ हवा खेळवायला बरा. मात्र दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. कारखाने तुमच्या घराच्या कोणत्या अंगाला आहेत त्यावर तो वारा काय घेऊन येईल हे ठरतं. आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ नाकानं नोंद ठेवा. त्यावरून आपल्या घराची खिडकीची वेळ आपल्याला कळते. मुलाचा पलंग कुठल्या खिडकीजवळ ठेवायचा नाही हेही त्यातूनच ठरतं. उग्र वास वारंवार येत असेल तर वेळ आणि तारखेसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. मुलाच्या खोलीची हवा पडदा बदलून सुधारत नाही, त्यातला मोठा वाटा घराबाहेरच दुरुस्त व्हावा लागतो.

आतल्या धुराचं काय, हेही विचारायला हवं. डासांसाठी जळणारी कॉइल बंद खोलीत लावली तर एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. ज्या खोलीत आपण कुणाला एक सिगारेट ओढू देणार नाही, तिथे मुलाच्या उशाशी ही कॉइल रात्रभर जळते. खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी, हीच मुलांच्या खोलीची पहिली सजावट समजा. रंगीत मच्छरदाणीचा तंबू कुठल्याही पाच वर्षांच्या मुलाला महागड्या पलंगापेक्षा जास्त आवडतो.

उजेड आणि झोप

आता आडवे व्हा आणि वर पाहा. छतावरचा पांढरा एलईडी थेट डोळ्यांत येतो का? रात्री झोप यावी म्हणून मेंदू मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडतो आणि तेजस्वी उजेड ते रोखतो. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात बसवलं. त्यांच्या मेलाटोनिनची पातळी जवळपास ८८ टक्क्यांनी घटली. अभ्यास दहा मुलांचा, म्हणजे लहान होता आणि उजेडही घरच्या दिव्यापेक्षा प्रखर होता. तरी दिशा स्पष्ट आहे. मुलांचे डोळे मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश आत घेतात, म्हणून त्यांच्यावर परिणामही जास्त होतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसातून १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. पहाटेच्या लोकलनं चर्चगेटला जाणारे वडील आणि रात्रपाळीहून परतणारी माणसं असलेल्या घरात हे गणित सहज बिघडतं. म्हणून झोपेआधी तासभर मोठा दिवा बंद करून भिंतीकडे तोंड असलेला एखादा पिवळसर, मंद दिवा लावा. मुलाला अंधाराची भीती वाटत असेल तर दिवा जमिनीलगत, त्याच्या नजरेआड ठेवा. पडदा जाड असेल तर पाळीवरून येणाऱ्या माणसाचा दिवा आणि रस्त्यावरचा उजेड दोन्ही अडतात. आणि टीव्ही किंवा मोबाइलची जागा या खोलीत ठरवूच नका. जी वस्तू खोलीत नाही तिच्यावरून रोज रात्री वाद होत नाही.

भिंतीवर किती लावायचं?

माझ्या ओळखीच्या त्या जोडप्यानं चारही भिंती भरल्या होत्या, कारण 'मुलांना रंग आवडतात'. आवडतात हे खरं. पण आवडणं आणि मानवणं यांत फरक आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१४ मध्ये बालवाडीच्या २४ मुलांना काही धडे चित्रं-तक्त्यांनी गच्च भरलेल्या वर्गात आणि काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात शिकवले गेले. भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ विचलित होतं, मोकळ्या वर्गात २८.४ टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के आली. खेळण्यांबाबतही तसंच आहे. अमेरिकेतल्याच टोलेडो विद्यापीठातल्या २०१८ च्या अभ्यासात चालायला-धावायला लागलेल्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली. चार खेळणी असताना मुलं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली.

'निळ्या रंगानं मूल शांत होतं, पिवळ्यानं हुशार होतं' असे दावे मात्र जाहिरातीतच राहू द्या. रंगाची छटा मुलाला विचारून ठरवा. तीन भिंती फिक्या, मोकळ्या ठेवा, म्हणजे खोलीत उजेडही जास्त खेळतो. चौथी भिंत त्याची. खेळण्यांचे दोन डबे करा. एक बाहेर ठेवायचा, दुसरा माळ्यावर, आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. माळ्यावरून आलेलं जुनं खेळणं नव्यासारखं वाटतं.

हलणाऱ्या जमिनीवरची खोली

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी खास आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि काही धक्के ४ रिश्टरच्या आसपास पोचले. तेव्हा लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूत रात्री काढल्या. अशा भागात मुलाच्या उशाच्या वर जड फ्रेम, आरसा, ट्रॉफ्यांची फळी किंवा घड्याळ नको. उंच कपाट लोखंडी कोनानं भिंतीला पक्कं करून घ्या. भूकंप नसतानाही हे गरजेचं आहे, कारण खण उघडून त्यावर पाय देऊन चढणारं मूल कपाट अंगावर ओढून घेऊ शकतं. पलंग खिडकीखाली ठेवू नका, खिडकीला ग्रिल असावीच. पडद्याची लोंबती दोरी गळ्यात अडकू शकते, ती कापून टाका किंवा उंच बांधा. शोभेच्या दिव्यांत आणि खेळण्यांत गोल, चपट्या बटणासारख्या बॅटऱ्या असतात. मुलानं ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकतं. झाकणाला स्क्रू असलेलीच वस्तू घ्या आणि बॅटरी गिळल्याची शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

चौथी भिंत

आता सजावटीकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात भिंत सजवण्याची एक मोठी परंपरा आहे. वारली घरात कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपायची, त्यावर गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात, टोक चावून मऊ केलेल्या काडीनं रेखाटायचं. लग्नात देवचौक काढतात तो विधी आहे, खोलीच्या शोभेसाठी त्याची नक्कल करू नये. पण झाडं, गुरं, तारपा नाच, शेतात राबणारी माणसं हा साऱ्यांना आपलासा वाटणारा विषय आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच चित्रं भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

या परंपरेत मला दोन गोष्टी आवडतात. त्रिकोण, गोल आणि रेघ एवढ्यावर ती उभी आहे, म्हणून पाच वर्षांच्या मुलालाही हात घालता येतो. आणि भिंत कायमची नसते. ती पुन्हा लिंपली जाते, पुन्हा रेखाटली जाते. मुलाच्या खोलीला हेच हवं. जमिनीपासून तीन फुटांची पट्टी गेरूच्या रंगात रंगवा. फ्लॅटमध्ये तांदळाच्या पिठाला बुरशी आणि झुरळं लागतील, त्याऐवजी मुलांसाठीचे पाण्यात धुता येणारे पांढरे रंग किंवा खडू द्या. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, त्या पट्टीला पुन्हा एक हात मारायचा आणि नवी भिंत त्याच्या स्वाधीन करायची. मोठं चित्र हवंच असेल तर छापील स्टिकर न घेता आपल्या भागातल्या वारली चित्रकाराकडून काढून घ्या.

त्या घराचं पुढे काय झालं ते सांगतो. गालिचा गेला, गोधडी आली. कपाट भिंतीपासून पुढे ओढलं, पावसानंतर बाहेरची चीर भरून घेतली. स्टिकर उतरली, कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली, डॉक्टरांची औषधंही चालू होती. ऑक्टोबरपर्यंत मुलाचा रात्रीचा खोकला थांबला. नेमकं कशानं थांबलं हे मी सांगू शकत नाही. औषध, ऋतू आणि घर तिन्ही एकाच वेळी बदललं होतं. खोकला टिकून असेल, श्वास घेताना छातीत घरघर होत असेल किंवा मूल रात्री दचकून उठत असेल, तर आधी डॉक्टर आणि नंतर रंगारी, एवढा क्रम मात्र पाळायलाच हवा.

परवा पुन्हा गेलो तेव्हा मुलानं मला हाताला धरून खाली बसवलं. गेरूच्या पट्टीवर त्यानं आगगाडी काढली होती, तिच्या प्रत्येक खिडकीत त्रिकोणी माणूस आणि एका खिडकीत चष्मा लावलेले बाबा. उभं राहून पाहिलं असतं तर ते दिसले नसते.